हाक आणि हात

माझी धाकटी बहीण 'क'च्या जागी 'त' बोलायची. काकूला तातू, काकडीला तातडी. लहानपणी घरात सगळ्यांना त्याचं हसू यायचं. ती सहा वर्षांची झाली, लग्नाच्या गोष्टी निघू लागल्या, आणि ते हसू आटलं.

वडील ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी ते तिला समोर बसवत.

"म्हण, काकू."

"तातू."

"तातू नव्हे. काकू!"

"तेच म्हणते ना मी. तातू!"

मग पट्टी बसे. वैद्यांनी वेखंड मधात उगाळून जिभेला चोळायला सांगितलं. आईने महिनाभर चोळलं. जीभ तेवढी हुळहुळी झाली.

मी तेव्हा दहा वर्षांची. लग्न झालेलं, पण सासरी नांदायला गेले नव्हते. एके दुपारी मी तिच्या पाठीमागे उभी राहून खेळ मांडला. 'हात' म्हटलं की तिने हात वर करायचा, 'हाक' म्हटलं की मला हाक मारायची. ती प्रत्येक वेळी हातच वर करी. समोर उभी राहिले की माझ्या तोंडाकडे टक लावून बघे आणि बरेचदा बरोबर ओळखी.

संध्याकाळी मी वडिलांना म्हटलं, "तिला दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात."

ते माजघरात गेले आणि तिथून अगदी हळू तिला बोलावलं. ती धावत गेली.

"बघितलंस? कान तुझ्यापेक्षा तिखट आहेत. नुसता हट्ट आहे."

तो खेळ त्यांच्यासमोर मांडून दाखवायला हवा होता, असं अजून वाटतं.

आठव्या वर्षी तिला कल्याणला दिली. बघायला आलेल्यांपुढे आईने तिला तोंड उघडू दिलं नव्हतं. तिकडे दोन दिवसांत सारं कळलं. पाहुणे आले की सासूबाई तिला ओटीवर बोलावून 'काकडी' म्हणायला लावत. माहेरी आली तेव्हा ती मानेनेच हो-नाही सांगू लागली होती.

पहिल्या बाळंतपणाला ती घरी आली, तेव्हा मीही आठ दिवस माहेरी राहायला गेले होते. मुलगी रडायची आणि ही नुसती थोपटत बसायची.

"अगं, बोल ना तिच्याशी," मी म्हटलं.

तिने दाराकडे पाहिलं आणि ती कुजबुजली, "नतो. माझं ऐतून तीही अशीच बोलेल."

मी बाळाला उचलून घेतलं आणि काहीबाही बोलत राहिले.

ती मुलगी पुढे अगदी स्वच्छ बोलू लागली. आईशी मात्र ती खुणांनीच बोलायची.