खाली

दिल्लीच्या द्वारकेत तेव्हा माणसांपेक्षा सिमेंटच्या गोण्या जास्त राहत होत्या. रस्ते नवे, गाड्या नव्या आणि चालवणारेही नवेच, त्यामुळे अपघातांना तोटा नव्हता. विमा कंपनीनं मला अपघात तपासणीच्या प्रशिक्षणाला पाठवलं ते याच काळात. शिकवणारे सर पंजाबी, फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. वर्गात मी एकटीच मुलगी, आणि शहाणपणा नुसता उतू चाललेला.

शेवटी सरांनी मला एका खऱ्या प्रकरणाचा अहवाल लिहायला दिला. पुलाच्या उतारापाशी जीप आणि टेम्पोची टक्कर झाली होती. जीपवाला म्हणे, टेम्पो चुकीच्या बाजूनं पूल चढत होता. फरीदाबादचा टेम्पोवाला म्हणे, मी उताराच्या पायथ्याशी थांबलो होतो, जीपच येऊन आदळली. त्याचं लायसन्स जायची वेळ आली होती, आणि घरात कमावता तो एकटाच.

बघणारा एकच, छावणीतला साताऱ्याकडचा जवान. त्याचा जबाब माझ्यासमोरच झाला. "टेंपो खाली था जी, जीप जोर से आया," तो म्हणाला. मी फोटो पाहिले तर रस्ताभर फरशांचा चुरा. मी ऐटीत लिहिलं: साक्षीदार टेम्पो रिकामा होता म्हणतो, टेम्पोत तर फरशा होत्या, जबाब विश्वासार्ह नाही.

सरांनी अहवाल शांतपणे वाचला. "बेटा, किसी को झूठा लिखने से पहले एक बार उससे पूछ तो लो."

मला रागच आला. चरफडत छावणी गाठली आणि जवानाला विचारलं, "टेंपो में माल था या नहीं?"

तो सरळ मराठीत बोलला. "फरशांनी गच्च भरलेला होता की, ताई. रिकामा कोण म्हणालं?"

"तुम्हीच. खाली था म्हणालात."

"मग खालीच होता. खाली, उतार संपतो तिथं उभा."

लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये आई दिवसातून दहादा 'खाली बस', 'खाली ठेव' म्हणायची. पण उंबरठा ओलांडला की माझे कान हिंदी होत.

"तुमचं आडनाव ऐकलं होतं," जवान म्हणाला. "म्हटलं आपलं माणूस आहे, समजून घेईल. म्हणून निर्धास्त होतो."

परत येऊन फोटो पुन्हा काढले. टक्कर होते तिथंच मडगार्डखालची वाळलेली माती गळून पडते, हे सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ढेकळं उताराच्या पायथ्याशी पडलेली होती, मडगार्डसारखीच वाकलेली. द्वारकेत चिखल कुठे नसतो, म्हणून मी तिकडे बघितलंच नव्हतं.

अहवाल नव्यानं लिहिला. लायसन्स वाचल्यावर टेम्पोवाला आभार मानायला आला. "मॅडम, एक आपने ही मेरी बात मानी," म्हणत त्यानं हात जोडले.

मी सरांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत बसले. माझा पहिला अहवाल त्यांनी कुणालाच दाखवला नाही. आज इतक्या वर्षांनीही त्यांची आठवण आली की मन भरून येतं. त्या टेम्पोवाल्याला अजून वाटत असेल, मी पहिल्यापासून त्याच्याच बाजूनं होते.