शेठच्या तळ्यातलं विष

बारवी धरणाच्या रस्त्याला एका शेठचं मासळीचं तळं होतं. माझे बाबा त्याचे राखणदार. बांधावरच्या पत्र्याच्या खोपटात आम्ही राहायचो. जमिनीला ओल सुटली की आई स्टोव्ह खाटेवर ठेवून भाकऱ्या करायची. शेठ उल्हासनगरच्या चिकनच्या दुकानांतून कोंबड्यांच्या आतड्यांची पिंपं उचलायचा आणि माशांना खायला म्हणून बाबांना तळ्यात ओतायला लावायचा. तो वास आमच्या अंगालाही यायचा. शाळेत पोरी माझ्या बाकावर बसत नसत. त्यांच्याकडे कारणं दोन होती. वासाचं बोलून दाखवायच्या, जातीचं नुसतं बघून.

मी बारावीत असताना मासे मरायला लागले. रोज थोडे. अंगावर लाल चट्टे, पोट फुगलेलं, खवले उभे राहिलेले. शेठने गावातली माणसं बांधावर जमवली.

"विष टाकलंस ना रे?"

"शेठ, मी कशाला टाकू? माझं पोट यावरच आहे."

"मग खा की यातला."

चट्टे पडलेला मासा आईलाच तळायला लावला. बाबा बांधावर उकिडवे बसून खायला लागले. कोणी तरी म्हणालं, "मीठ बरोबर पडलंय का, विचारा." सगळे हसले. संध्याकाळपर्यंत बाबांना तिथेच बसवून ठेवलं. त्यांना काही झालं नाही, तर शेठ म्हणाला, "ज्याने विष आणलं, त्याच्याकडे उतारापण असणारच." लगेच खोपट खाली करायला लावलं.

अंबरनाथच्या एमआयडीसीत बाबांना काम लागलं, पण गोष्ट त्यांच्या आधी तिथे पोचली होती. डबा उघडला की कोणी तरी ओरडायचं, "ए विषवाले, आज काय आणलंय?"

मी उल्हासनगरच्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी घेतलं. आई त्याला "जंतूंचं कॉलेज" म्हणायची. शेवटच्या वर्षाला असताना कळलं, शेठचे मासे पुन्हा मरताहेत. मी गेले.

"तू त्या विषवाल्याची पोर ना?"

"हो. एक मासा द्या. मेलेला नको, मरायला टेकलेला." मेलेल्या माशात सडवणारे जंतू घुसतात, मग खरा गुन्हेगार सापडत नाही.

"घे. बापालापण ने एक," शेठ म्हणाला.

पाण्याच्या पिशवीतून मासा कॉलेजात आणला. सर म्हणाले, "बाजार करून आलीस काय?" पण टेबल दिलं. मी मासा मारला, वरून स्पिरिटने पुसला, पोट उघडलं. तापवून गार केलेल्या तारेने मूत्रपिंडातला अंश घेतला आणि जंतू वाढवायच्या प्लेटवर रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी रेघांवर एकसारखे ठिपके उगवले होते. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरले तर गुलाबी, आखूड काड्या. जंतू ओळखायच्या ऑक्सिडेजच्या पट्टीवर घासले, पट्टी जांभळी झाली. बाकीच्या चाचण्या झाल्यावर सरांनी स्वतः पाहिलं. "एरोमोनास. माशांना रोग लावणारा जंतू. घाण पाण्यात माजतो."

मी परत बांधावर गेले. बाबांवर हसलेली माणसंही होती. "रोग आहे. विष नाही."

"हे आत्ताचं. तेव्हाचं काय?" शेठ म्हणाला.

"मासे मरण्याएवढं विष असतं तर एका दमात सगळं मेलं असतं, बेडूकसुद्धा. तेव्हा रोज थोडे मरत होते, असेच चट्टे पडून. आणि तुम्ही बाबांना मासा चारत होतात तेव्हा बेडूक ओरडत होते. आठवतंय?"

शेठने तळ्याकडे पाहिलं.

"बरं बरं. उपाय काय, ते बोल."

"आधी कबूल करा, विष टाकलं नव्हतं."

"डोकं फिरलं काय तुझं? मासे मरताहेत तिकडे!"

"मरू देत. मला घाई नाही."

बाबांना बसवलं होतं तिथेच मी बसले. समोर एक कटला मासा उलटा होऊन तोंड उघडमीट करत होता. मला दया आली नाही. तो थांबला, मग दुसरा उलटला.

"नव्हतं टाकलं त्याने," शेठ पुटपुटला.

"त्याने नाही. त्यांनी. आणि मोठ्याने."

शेठने माणसांकडे पाहिलं. या वेळी कोणी हसलं नाही. "त्यांनी विष टाकलं नव्हतं," तो म्हणाला.

मग मी सांगितलं. आतडी ओतणं बंद करा, त्यानेच पाणी घाण होतं, मेलेले काढून लांब पुरा, पाणी बदला, तळ्यात चुना टाका.

बांधावरच्या त्या दिवसानंतर बाबांनी पुन्हा कधी मासा तोंडाला लावला नाही. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "'त्यांनी' म्हणाला?"

त्या वर्षी मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली. आणि माझ्या बाबांनी तळ्यात विष टाकलं नव्हतं, हे मी सिद्ध केलं.