उन्हाचा कर

फक्कीमामाला दोन गोष्टींची शिसारी होती. एक, गवतावर बूट घालून चालणारा माणूस आणि दुसरी, नवं स्टेडियम. पहिलीला एकोणतीस वर्षं झाली होती, दुसरी ताजी होती.

मामा नगरपालिकेच्या मैदानाचा माळी. पांढऱ्या फक्कीने तो अशा सरळ रेषा आखायचा, की खेळाडूंनीच त्याला हे नाव पाडलं. पहाटे अनवाणी मैदानभर फिरायचं, तळव्यांना ओल लागते का बघायचं आणि मगच पाण्याला हात लावायचा, हा त्याचा नेम.

जुनं स्टेडियम चांगलं धडधाकट होतं. पण बड्या पाहुण्यांच्या कक्षात ऊन येतं म्हणे! तेवढ्यासाठी लोकांच्या घरपट्टीवर अधिभार बसवला आणि सगळं पाडलं. त्याच वर्षी मामाच्या गल्लीतल्या दवाखान्याचा बाळंतपणाचा विभाग निधीअभावी बंद झाला. निधी कुठे गेला ते विचारायला नको होतं, तो क्रेनला लटकलेला साऱ्या गावाला दिसत होता.

छपराची पहिली तुळई वर चढली, तेव्हा मामा फक्कीची बादली घेऊन तिच्या सावलीमागे धावला. नऊला एक रेष, बाराला एक, तीनला एक. रेषांच्या आतल्या मैदानाला हिवाळाभर ऊन मिळणार नव्हतं. त्याने नगरपालिकेच्या इंजिनिअरसाहेबांना आणून ते दाखवलं आणि छप्पर थोडं आखूड करा, अजून वेळ आहे, अशी विनवणी केली.

साहेब हसले. "मामा, तुम्ही गवत बघा. छप्पर आम्ही बघतो."

वर रेषाही पुसायला लावल्या. मामाने त्या पुसल्या, पण आधी रेषांवर लाकडी खुंट्या मातीत पार बुडेपर्यंत ठोकल्या.

पुढच्या हिवाळ्यात गवत मेलं. बरोबर खुंट्यांपर्यंत.

मग मामाला साहेबांच्या नव्या कचेरीत बोलावणं आलं. खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. पुढ्यात कागद आला, 'माळ्याने पाणी देण्यात हयगय केल्याने गवत जळाले.' दोष छपराचा निघाला तर खर्च ठेकेदाराच्या अंगावर येणार होता, माळ्याचा निघाला तर नगरपालिकेच्या. मामाच्या निवृत्तीला चार महिने होते. सही केली तर पेन्शन सुरळीत मिळेल, नाहीतर चौकशी लागेल, असं साहेबांनी गोडीगोडीत सांगितलं.

"नुसती सही तर करायचीय मामा. नाव तुमचं, पैसा नगरपालिकेचा. कोणाचं काय जातंय?"

एकोणतीस वर्षं ज्या गवताला मामाने एक दिवस तहानलेलं ठेवलं नव्हतं, त्याचं खापर त्याच्याच डोक्यावर फुटणार होतं. तो साहेबांना मैदानात घेऊन गेला, उकिडवा बसला आणि बोटाने माती उकरून एक खुंटी उघडी केली. तिच्या अलीकडे गवत हिरवं होतं, पलीकडे सगळं वाळून गेलेलं.

साहेबांनी खुंटीकडे पाहिलं, मग मामाकडे. आणि बुटाने माती परत सारली.

"खुंट्यांवर पेन्शन मिळत नाही, मामा."

मामाने सही केली नाही. चौकशी लागली, पेन्शन अडकली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ठेकेदाराच्या माणसांनी मेलेल्या गवतावर हिरवा रंग फवारला, आणि पाहुणे सावलीत बसून त्या रंगाला टाळ्या वाजवून गेले. पुढे गवताला उन्हाऐवजी चाकांवरचे भलेमोठे दिवे आले. बाहेर लख्ख ऊन छपरावर वाया जायचं आणि आत गवतावर दिवसभर दिवे जळायचे. गवत परत उगवेपर्यंत रंगाचे हात मारणं चालूच होतं.

घरपट्टीचं नवं बिल आलं त्या दिवशी मामा नेमाप्रमाणे अनवाणी फिरून नुकताच मैदानावरून परतला होता. बायकोने चष्मा लावून बिल दोनदा वाचलं. 'मैदान प्रकाश' अशी एक नवी ओळ त्यात होती.

"अहो, म्हणजे फुकटचं ऊन यांनी अडवलं, आणि आता त्याचे पैसे आपण भरायचे?"

मामा हो म्हणाला आणि मोरीत जाऊन तळवे घासत बसला. हिरवा रंग काही केल्या निघत नव्हता.