बंद दारासमोरचा कॅमेरा

ओदिलबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी धुळ्याच्या बसस्थानकावर चोपड्याच्या गाडीची वाट बघत होतो. फोन पॅरिसहून, त्यांच्या कॅमेरामनचा. "शेवटपर्यंत पुढच्या चित्रपटाचंच बोलत होत्या," एवढं सांगून त्यानं फोन ठेवला. गाडी आली, भरली, निघूनही गेली... मी बाकावरच. पण खरं सांगतो, रडू आलं नाही, अभिमानानं ऊर भरून आला. या बाईचं जगात पुन्हा जे नाव झालं, ते आमच्या दारातून झालं.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. हे मी सगळीकडे सांगतो, इथेही सांगतो, कारण त्या पदवीनंच मला ओदिलबाईंपर्यंत नेलं. एक फ्रेंच दिग्दर्शिका सातपुड्याच्या पायथ्याशी चित्रपट करायला आली आहे, अहिराणीचं इंग्रजी करून देणारा हवा, असा निरोप कॉलेजात आला आणि सरांनी माझं नाव दिलं. बाई साठी ओलांडलेल्या, उंच, उन्हानं लाल झालेल्या. विशीतल्या पहिल्याच चित्रपटानंतर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं, पुढचे मात्र एकामागून एक पडले. "आता निर्माते माझा फोन उचलत नाहीत. हाही पडला तर मी संपले," त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं, आणि चहा मागितला.

त्यांना कानबाई हवी होती. श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसते, सगळे भाऊबंद एका घरात जमतात. माणसामागे सव्वा मूठ गहू घेऊन रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, करायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे. परक्याच्या ताटात तुकडासुद्धा जात नाही. हीच पंगत पडद्यावर दिसेल या बोलीवर एका निर्मात्यानं होकार दिला होता.

बाई सणाच्या बऱ्याच आधी आल्या आणि आमच्या अंगणात केळीच्या रिकाम्या खोक्यावर नुसत्या बसून राहिल्या. कॅमेऱ्यावर फडकं. मोठी माय, म्हणजे माझी थोरली चुलती, घरातला शेवटचा शब्द तिचा. ती वैतागली. "हाई नुसती बशी राह्यनी. कॅमेरा बिघडेल शे का?" मी इंग्रजी करून सांगितलं. ओदिलबाई म्हणाल्या, "सांग तिला, कॅमेरा ठीक आहे. तो उघडला की तुम्ही बिघडता." खोटं नव्हतं. फडकं निघालं की माझे चुलते नाना म्हैस दोहतानाही टोपी नीट करून, वरचं बटण लावून, श्वास रोखून बसायचे. नाना कंटाळून श्वास घ्यायला लागले, तेव्हा कुठे चित्रीकरण सुरू झालं.

कानबाईचा रविवार आला. पंगतीआधी मी मोठ्या मायला विचारलं.

"नई. रोटवर परकानी नजर नको."

"मोठी माय, बाई कितली लांबथून येल शे!"

"चहा देसू, जेवन देसू, मनी साडी बी देसू. रोट नई."

कॅमेरामन कुजबुजला, मागच्या खिडकीतून घेता येईल. ओदिलबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला. त्यांनी कॅमेरा बंद दारासमोर लावला आणि स्वतः खोक्यावर बसल्या. दार, दारातला चपलांचा ढीग, आणि आतून येणारा आवाज... ताटं वाजतायत, लेकरू रडतंय, नाना ओरडतायत, "वाढ ना वं, हात का आखडी राह्यनी?" आणि मग हसण्याचा लोंढा. पंगत उठेपर्यंत कॅमेरा हलला नाही.

निर्माता भडकला. जेवणाच्या चित्रपटात जेवणच नाही! पण तिकडच्या मोठ्या महोत्सवात त्याच दृश्याला लोक उभे राहिले, आणि पहिलं बक्षीस ओदिलबाईंचं. ते घेऊन त्या घरी जायच्या आधी आमच्याकडे आल्या. केळीच्या शेडच्या भिंतीला पांढरी चादर बांधून गावानं चित्रपट बघितला. आपापले आवाज ओळखून लोक हसून लोळले. मोठी माय एकटी गंभीर होती. शेवटी म्हणाली, "मना दारकडे इतलं कोनी देखं नव्हतं. पुढला साल कॅमेरा तुना घर ठेव आनि आमना घरमा ये."

आल्या! गहू घेताना मोठ्या मायनं एक सव्वा मूठ जास्त घेतली. नानांनी विचारलं, "हाई कोनी?"

"अक्कानी," मोठी माय ओदिलबाईंकडे बघत म्हणाली.

"मंग आते शेतमा बी वाटा मांगी ती!"

मी इंग्रजी केलं. त्या म्हणाल्या, "शेत नको, म्हैस चालेल." त्यानंतर दर श्रावणात त्यांची सव्वा मूठ निघू लागली. त्यांनी आणखी चित्रपट केले, ते गाजले, तरुण दिग्दर्शक त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. मुलाखतीत हमखास विचारायचे, त्या दाराआड काय होतं? त्या म्हणायच्या, "मला माहीत आहे." बस्स, पुढे एक शब्द नाही.

ओदिलबाई आषाढात गेल्या. आता श्रावणात कानबाई बसली. मोठ्या मायचे हात कापतात, तरी गहू तीच घेते. नेहमीची जास्तीची सव्वा मूठ तिनं घेतली, तेव्हा मला राहवलं नाही.

"मोठी माय, त्या गयात ना..."

"माले माहीत शे. तिनं बठ्ठं बोलनं तूच आमले सांगे ना? मंग तिना वाटा बी तूच खाय."

अंगणात त्यांचं खोकं अजून होतं. मी ते आत आणलं, पंगतीत माझ्या शेजारी ठेवलं. मग दार लावलं.