चाळीस रुपयांचा पाटा

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. माझ्या बायकोला ती माहीत आहे, पण तिलाही मी सांगितलेली नाही — ती तिथं हजर होती, भाता तीच ओढत होती, म्हणून माहीत. बाकी कोळवणपासून पौडपर्यंत लोकांना जे माहीत आहे, ते माझ्या तोंडचं आहे. आणि ते खोटं आहे.

पण आधी जीप. डोंगरातला कोळसा पोत्यांत भरून पुण्याला विकत विकत मी पैसा जोडला आणि एका दलालाकडून लष्करातली जुनी जीप घेतली. तीन दिवस त्याच्या ओट्यावर बसून राहिलो. चौथ्या दिवशी त्यानं हात जोडले आणि मी म्हणेन त्या किमतीला दिली. माझा स्वभावच असा आहे, त्याची मला लाज नाही. ज्याच्या बापानं मागं काही ठेवलं नाही, त्यानं घासाघीस करायची नाही तर काय करायचं?

जीपमध्ये एकच खोट होती — ती उंच होती. लग्नसराईत मी ती भाड्यावर चालवायचो, आणि लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्यांना तिच्यात चढता येईना. खालून दोघी ढकलणार, वरून एक ओढणार. एका नवरीच्या आत्यानं तर अर्ध्यावर लटकून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गाडी खाली घ्यायलाच हवी होती. चाकांवर पोलादी पट्ट्यांची कमान असते, एकावर एक रचलेली. त्यांना पाटे म्हणतात. ती कमान थोडी उतरवली की गाडी चार बोटं खाली बसते.

पौडला सदू मिस्त्री होता. लष्करात गाड्यांचं काम शिकून आलेला. रस्त्याकडेला जांभळीखाली त्याचं दुकान — म्हणजे वर एक पत्रा आणि खाली ऐरण. त्यानं जीपखाली जाऊन पाहिलं आणि म्हणाला, चाळीस रुपये, दोन दिवस. मी वीस म्हणालो. मग पंचवीस. तीस. पस्तीसला मी उठून चालू लागलो — हा माझा हुकमी डाव, दहा पावलांत समोरचा हाक मारतोच. सदूनं मारली नाही. उलट शेजारी चहा पीत बसलेल्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शेठ, वांगी न्हाईत ही. दोन किडकी दाखवून भाव पाडायला."

ते हसले. एवढंच? हो, एवढंच. पाच रुपये आणि एक हसणं. पण मी ते हसणं कोळवणपर्यंत वाटभर चावत आलो. आणि खरं सांगू? चाळीस जास्तच होते, असं मला अजून वाटतं.

लोखंड तापवायचं आणि ठोकायचं, त्यात काय मोठं? गावचा लोहार सोयऱ्यांकडे गेला होता; त्याचा भाता मी मागून ठेवला होता. कोळसा घरचा. बायको भात्यावर बसली. पाटे लालभडक केले, ठोकून कमान उतरवली आणि मग — ही माझी खास अक्कल — पाण्यात बुडवले. आमच्याकडे विळ्याला, कोयत्याला, कुऱ्हाडीला पाणी देतात, कडकपणा यावा म्हणून. मग पाट्याला का नको?

"अवं, इळ्याला पानी देत्यात ते कापाय लागतं म्हनून," बायको म्हणाली. "ह्यानं काय गवत कापायचंय?"

मी तिला भाता ओढ म्हणालो.

आता मला कळतं. पाटा तापवायचाच नसतो. थंडच ठेवून, हलक्या हातानं, बोट बोट सरकवत शेकडो ठोके द्यायचे असतात — म्हणून दोन दिवस, म्हणून चाळीस रुपये. पाणी दिलेला पाटा विळ्यासारखा कडक होतो आणि विळ्यासारखाच ताडकन तुटतो.

पण दोन लग्नं झकास पार पडली. म्हाताऱ्या टुणकन चढत होत्या. मी बायकोकडे कसा बघायचो ते विचारू नका.

तिसऱ्या लग्नाला, पौडच्या अलीकडच्या ओढ्यात, पाटा मोडला. बंदुकीसारखा आवाज झाला आणि जीप डाव्या कुशीवर बसली. कुणाला लागलं नाही — मुंडावळ्या बांधलेला नवरदेव तेवढा मावशीच्या मांडीवर गेला. बैलगाडी बोलावून मुहूर्त कसाबसा गाठला. मांडवात नवरदेवाचा मामा माझ्यापुढं उभा राहिला. "कुनी केलतं हे काम?"

"सदूनं," मी म्हणालो. "चाळीस रुपयं मोजलेत त्याला."

कुणी मला चाळीसचं विचारलं होतं? पण मी तेही घातलं — त्यानं खोटं अगदी खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सदू स्वतः ओढ्यावर आला. मोडलेला तुकडा हातात घेऊन त्यानं तुटलेली कड पाहिली. "पानी दिलंय ह्याला," एवढंच म्हणाला. मी ओढ्याकडे बघत राहिलो. आता हाणतो, असं वाटलं. पण तो म्हणाला, "शेठ, वखारवाल्याची लॉरी माज्याकडं कायमची दुरुस्तीला येनार व्हती. आता त्यो इचार करतोय. मी तुमची जीप नीट करून देतो, पैसा नको. तेवढं बाजारच्या दिवशी चार मान्सांत सांगा, पाटा सदूनं केला न्हवता म्हनून."

मी लगेच हो म्हणालो. जन्मात पहिल्यांदा घासाघीस न करता.

मोडीतले पाटे आणून त्यानं दोन दिवस ते थंडच ठोकले. मी समोर बसून बघत होतो. काम इतकं सुरेख होत होतं की मला त्याचा रागसुद्धा आला.

बाजारच्या दिवशी मी पौडला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो — यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. वखारवाला आपणहून माझ्याकडे आला. "आबा, मिस्त्रीचा हात कसा हाय?" शेजारी तेच चहावाले बसलेले. सदूनं केला नाही म्हटलं, तर कुणी केला हे सांगावं लागणार. मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "तुमचं तुमी बघा."

सदू दहा हातांवर होता. त्यानं ऐकलं. मान खाली घालून पाना फिरवत राहिला. लॉरी पुण्याच्या गॅरेजला जाऊ लागली. वर लोक म्हणू लागले, बघा, आपली चूक म्हणून सदूनं आबाची जीप फुकट नीट केली. तेही मी ऐकून घेतलं. दिवाळीपर्यंत जांभळीखालचा पत्रा निघाला. सदू पुण्याला कुणाच्या तरी हाताखाली कामाला लागला.

जीप पुढं नऊ वर्षं चालली. पाटा पुन्हा कधी कुरकुरलासुद्धा नाही. चढताना म्हाताऱ्या म्हणायच्या, आबानं गाडी लई ग्वाड केली बघा — आणि मी हसून मान डोलवायचो.

पहिला पाटा मी ठोकला होता. सदूनं त्याला हातही लावलेला नव्हता.