बहुमत मॅडमचे तीन सर्व्हर

आमच्या वाळूजच्या कारखान्यात त्यांना सगळे बहुमत मॅडम म्हणत. कॅन्टीनमध्ये भाजी कशी झालीय हेसुद्धा त्या तिघांना विचारत आणि दोघांचं जुळलं तरच ताट घेत. एकदा पोरांनी चेष्टा केली, "मॅडम, लग्नालाबी तिघांचं मत घेतलं व्हतं का?"

"व्हय. मी, सासू अन् नवरा. नवरा लई उशिरा बोलला, पण तवर दोन मतं झाली व्हती."

पाचोडच्या या बाईंकडे कारखान्याचा डेटाबेस होता. तो तीन सर्व्हरवर चाले. गटात कोण कोण आहे, प्रमुख कोण, हे कॉन्फिगरेशन तिघांकडेही सारखंच लिहिलेलं असे. बदल करायचा तर किमान दोघांनी मान्य करायचा. मी खात्याचा प्रमुख. मला हा सगळा खटाटोप वाटे. त्या म्हणत, "एकाकडंच ठेवलं अन् तो गेला, तर खरं काय ते कुणाला इचारायचं, साहेब?"

एका दुपारी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. दोन सर्व्हर पलीकडच्या इमारतीत राहिले, आमच्याकडचा एकटा पडला आणि दुसऱ्याचं मत मिळेना म्हणून त्याने कामच थांबवलं. त्यामुळे फाटकाचा पास निघेना आणि ब्रेकचा माल भरलेले ट्रक फाटकाशी उभे. खोलीत आम्ही दोघंच. मी ओरडलो, "कॉन्फिगरेशन बदला. लिहा, हा एकटाच आहे आणि हाच प्रमुख."

"नाय, साहेब. तिकडं दोघं चालू हायेत. दोन मालक झाले तर मागून कुणाचं खरं धरायचं?"

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ द्या." त्यांनी कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

संध्याकाळी केबल जुळली. पलीकडच्या दोघांनी मधल्या वेळात नवा प्रमुख निवडला होता. आमच्याने ते मुकाट मान्य केलं. मागोमाग पडद्यावर नोंद उमटली: ब्रेकच्या मालात दोष, पाठवू नये. तपासणीवाल्यांनी ती पलीकडे दुपारीच केली होती. त्यांनी माझं ऐकलं असतं, तर ते ट्रक केव्हाच गेले असते. कुणी हुकूम न देता तीन यंत्रं कुणाचं ऐकायचं ते ठरवतात, आणि त्यांच्यासाठी एक बाई नोकरीवर पाणी सोडायला तयार होते. असं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

माल रोखल्याबद्दल सभेत सत्कार झाला, तो माझा. शाल मी घेतली. त्या मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होत्या. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "दोघांना ठावं हाय ना, साहेब? बास."

मागच्या पंधरवड्यात त्या गेल्या. आता ती दुपार माझ्या एकट्याकडे उरली आहे, आणि माझाही काय भरवसा! म्हणून तुमच्या हवाली करतो: ते ट्रक मी थांबवले नव्हते. त्यांनी थांबवले.