ओले झेंडू

मी पाटोद्याच्या शाळेत चित्रकला शिकवते. माझं तैलचित्र पहिल्यांदाच बीडच्या प्रदर्शनात लागणार होतं, आणि त्यातले झेंडू अजून पुरते वाळले नव्हते. बस खच्चून भरलेली. शेजारच्या म्हाताऱ्यानं आपली झेंडूची पाटी पायाशी सरकवली आणि मी नको म्हणायच्या आत चित्र मांडीवर घेतलं.

मान तिरकी करून त्यानं ते बराच वेळ पाहिलं.

"बाई, कोणती फुलं म्हनायची ही?"

"झेंडू."

"लई करपा पडलाय. फवारा कावून न्हाई मारला?"

मी रागानंच म्हटलं, "दिसतात तशी नाही, मनाला वाटतात तशी काढलीत."

त्यानं पुन्हा एकदा चित्राकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग बराबर हाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी मला बी अशीच वाटत्यात."

इतकं नेमकं पुढे प्रदर्शनातही कुणी बोललं नाही.

गर्दी वाढली तसं चित्र छातीशी धरून तो ओरडू लागला, "सरकून हुबा ऱ्हा बे, फुलं वली हायत!"

बीडला उतरलो, तर त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पिवळाजर्द डाग. मी ओशाळून माफी मागितली. त्यानं मान खाली घालून डाग निरखला.

"असू द्या, बाई. ह्यो मातर झेंडू दिसतोय."